आठवणीचे काय करावे?

फ्रान्सच्या दक्षिण-मध्य भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे १००० मीटर उंचीवर, ल शांबों-सुर-लिन्यों नावाचे एक गाव आहे. ग्रॅनाइटची राखाडी घरे, पाइनची जंगले, गुरांची कुरणे, दूरदूर विखुरलेली शेतघरे आणि लांबलचक बर्फाळ हिवाळा. जगाने दखल घ्यावी असे तिथे वरवर काहीच नाही.

पण १९४० ते १९४४ या काळात या गावाने आणि आसपासच्या वस्त्यांनी हजारो परागंदा माणसांना आसरा दिला. त्यांत ज्यू पुष्कळ होते, लहान मुलेही होती. ऑगस्ट १९४२ मध्ये व्हिशी सरकारचे पोलीस बसगाड्या घेऊन आले, तेव्हा लोक आधीच रानात पांगले होते. पोलिसांच्या हाती जवळजवळ कोणीच लागले नाही.

गावाने हे का केले? जंगल होते म्हणून, असे म्हणावे तर जंगले इतरत्रही होती. शिवाय जंगल माणसाला लपवते, जेवू घालत नाही. ते काम घरच्या बाईलाच करावे लागते.

मग उत्तर इतिहासात शोधावे लागते. गावातले बहुतेक लोक प्रोटेस्टंट. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नान्तचे फर्मान रद्द केले आणि त्यांच्या पूर्वजांची प्रार्थनाच गुन्हा ठरली. शतकभर ते रानावनात चोरून जमत राहिले. पकडलेल्या पुरुषांना गलबतांवर वल्ही मारायला धाडले जाई. त्या छळाची आठवण घराघरांत जिवंत होती.

तरीही आपले समाधान होत नाही. छळ तर जगात अनेक समाजांनी सोसला आहे. सोसलेला प्रत्येक समाज दयाळू होतो काय? आपण सारे जाणतो, तसे होत नाही. कित्येकदा जखम माणसाला आपल्यापुरताच विचार करायला शिकवते. 'आमच्यावर वेळ आली तेव्हा कोण धावले?' असे विचारून तो दार लावून घेतो. हा प्रश्न खोटा नसतो, म्हणूनच तो मोहात पाडतो.

या गावाने त्याच आठवणीतून वेगळा अर्थ काढला. पाद्री आंद्रे त्रोक्मे आणि एद्वार तेस तो अर्थ प्रार्थनामंदिरात सांगत राहिले. माग्दा त्रोक्मे यांनी तो उंबरठ्यावर पाळला. त्याची किंमतही मोजावी लागली. आंद्रे यांचा नातलग, शिक्षक दानिएल त्रोक्मे १९४३ मध्ये विद्यार्थ्यांबरोबर पकडला गेला आणि १९४४ मध्ये मायदानेकच्या छळछावणीत मरण पावला.

पुढे लोकांनी विचारले तेव्हा गावकरी म्हणत, आम्ही विशेष काही केले नाही. हा विनय नसावा. दार उघडण्याची सवय आधीपासून असेल तर ऐन संकटात ते उघडताना फारसा विचार करावा लागत नाही.

आपल्या मुलांना आपण पूर्वजांची दुःखे सांगतो, सांगायलाच हवीत. पण ती ऐकून मूल परक्या माणसाकडे कोणत्या नजरेने पाहू लागते, याचीही जबाबदारी सांगणाऱ्यावरच येते.