जागा सांगावी का?

पार्ल्याहून जुहूचा समुद्र तीनेक किलोमीटरांवर. आम्ही पार्लेकर त्याच्याकडे भेळ खायला जातो, सूर्यास्त पाहायला जातो, गावाहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन जातो. पण त्याच्याशी आमची खरी ओळख अशी नसतेच. माझीही नव्हती. चाळिशी उलटल्यावर भाच्याने हौसेने मला एक गळाची काठी आणून दिली आणि प्रत्येक नवशिक्याला पडणारा प्रश्न मलाही पडला: काठी आहे, दोरी आहे, गळ आहे, पुडीत कोळंबीही आहे, पण टाकायचे कुठे?

मी विचारत सुटलो. गळ टाकून बसलेल्या माणसाला जागा विचारणे म्हणजे गृहिणीला तिच्या डब्यातले पैसे विचारण्यासारखे आहे, हे मला ठाऊक नव्हते. “छे हो, इथे काही लागत नाही,” असे एका गृहस्थाने मला गंभीरपणे सांगितले. त्याच वेळी त्यांच्या पायाशी ठेवलेली पिशवी उड्या मारीत होती.

शेवटी वेसाव्याला एक वृद्ध कोळी भेटले. सारे त्यांना नाखवा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांनी मला जागा सांगितली नाही. “गुरुजी, आज तिथी कुठली?” एवढेच विचारले. मला तिथी सांगता येईना. मग त्यांनी हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करा, मुंबईच्या भरतीची वेळ साधारण निघते. दशमी असेल तर साडेसात. अभ्यंगस्नानाची चतुर्दशी असेल तर चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे साऱ्या घरात उटण्याचा वास दरवळत असतो तेव्हा, पहाटे साडेचारच्या सुमारास, समुद्र पुरता मागे गेलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांगेचे मंद पाणी.

“जागा ओहोटीला बघायची आणि भरतीला बसायचे,” हा त्यांचा दुसरा धडा. सुकतीला किनारा उघडा पडतो. कुठे खडकात खाच आहे, कुठे वाळूत खोलगट पन्हळ आहे, कालवे कुठे चिकटली आहेत, खेकड्यांची बिळे कुठे आहेत, हे तेव्हा दिसते. पाणी चढू लागले की मासे खाण्यासाठी त्याच वाटांनी आत येतात. म्हणून नुसत्या सपाट वाळूपेक्षा खडक बरा आणि खाडीचे तोंड त्याहून बरे. वेसावे आणि मढ यांच्यामध्ये मालाडची खाडी समुद्राला मिळते, तसे. धक्क्याच्या खांबांनाही शिंपले चिकटतात, त्यांच्या आडोशाला लहान मासे राहतात आणि लहानांमागे मोठे येतात. पण धक्का होड्यांसाठी बांधलेला असतो. मासळी उतरत असताना तेथे गळ फिरवणे म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चेंडू खेळणे. आणि खडकावर बसायचे तर परतीची वाट आधी पाहून ठेवायची. मोठ्या उधाणाला येथे पाणी चार-साडेचार मीटर चढते. माशाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाच्या पाठीमागूनही ते येते.

असे काही महिने गेल्यावर एका पहाटे नाखवांनी मला खडकातली त्यांची खाच दाखवली. त्या दिवशी मला पहिला शिंगाळा लागला.

आणि सोमवारी मी ती जागा वर्गात सांगून टाकली.

मी शाळामास्तर आहे. सांगणे हा माझा धर्म. विद्या दिल्याने वाढते, असे मीच फळ्यावर लिहितो. मुलांनी आपल्या भावांना सांगितले, भावांनी मित्रांना. महिन्याभरात त्या खाचेपाशी रविवारची जत्रा भरू लागली. तुटलेल्या दोऱ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, गंजके गळ यांचा खच पडला. त्याच खडकावर ओहोटीला कालवे फोडायला येणाऱ्या एका बाईच्या पायात गळ रुतला आणि तिचे कित्येक दिवसांचे काम बुडाले. नाखवा मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते फक्त तेथे दिसेनासे झाले.

तेव्हापासून मी स्वतःलाच विचारतो आहे: सांगण्यात माझे काय चुकले?

दडवून ठेवणे मला आवडत नाही. आपल्याकडे कित्येक वैद्यांची औषधे त्यांच्या चितेवरच जळून गेली. त्याहून वाईट म्हणजे, शतकानुशतके आपण विद्येलाच कुलूप घातले आणि किल्ली थोड्यांच्या कमरेला ठेवली. त्या पापाची आठवण असलेल्या मास्तराने ‘गुपित राखा’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? शिवाय समुद्र कोणाच्या बापाचा नाही, असेही कोणी म्हणेल. आणि ते खरेच आहे.

पण मला वाटते, माझी गल्लत येथेच झाली. विद्या दिल्याने वाढते. जागा दिल्याने घटते. दहाजणांना पाढे शिकवले तर माझे पाढे कमी होत नाहीत. दहाजणांना एक खाच दाखवली तर ती कोणाचीच उरत नाही. आयझॅक वॉल्टन या इंग्रजाने १६५३ साली गळाच्या मासेमारीवर पुस्तक लिहिले. ते आजही वाचले जाते, ते त्याने शिकवलेल्या रीतीसाठी आणि त्यामागच्या शांत वृत्तीसाठी. नाखवांनीही मला आधी तिथी दिली, मग ओहोटी दिली, आणि मी थांबायला शिकल्यावर जागा दिली. मी मुलांना पहिल्या दोन गोष्टी वगळून तिसरी दिली. जिच्यासाठी मी काही महिने खर्चले होते ती मी फुकट वाटली; आणि ती माझी नव्हतीच.

गुपित कोणासाठी राखले आहे, हे पाहायला हवे. स्वतःचा मोठेपणा टिकावा म्हणून राखले तर तो कृपणपणा. ज्याची चूल त्यावर पेटते त्याच्यासाठी राखले तर ती आब. आमचा रविवार हुकला तर हुकतो. त्या बाईचा सोमवार हुकून चालत नाही.

परवा एक विद्यार्थी आला. “सर, नवी जागा सांगा ना.” मी त्याला कपाटातले पंचांग काढून दिले. त्याचा चेहरा पडला. तरी त्याने तिथी पाहिली, बोटांवर पाऊणपट केली आणि म्हणाला, “म्हणजे उद्या पहाटे ओहोटी. याल?”

आम्ही दोघेही गेलो. काठ्या घरी ठेवल्या होत्या. जाताना एक रिकामे पोते मात्र घेतले होते. खडकातल्या दोऱ्या आणि गळ वेचता वेचता ते अर्धे भरले. नाखवा आले नव्हते. अजूनही आलेले नाहीत. पण पुढच्या अमावास्येला आम्ही पुन्हा जाणार आहोत.