रजेचे कारण

आमच्या बँकेच्या रजेच्या अर्जात एक रकाना असतो: 'रजेचे कारण'. गेल्या बावीस वर्षांत त्या रकान्यात मी जे जे लिहिले ते सारे खरे मानायचे झाले, तर माझ्याइतका दुर्दैवी माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात सापडायचा नाही. माझ्या तीन आज्या वारल्या आहेत. दोन सर्वांनाच असतात. तिसरी मला ऐन वेळी निर्माण करून त्याच दिवशी मारावी लागली. एका चुलत्याचा पाय चारदा मोडला. हा चुलता आजही पहाटे उठून सातपुड्याच्या दिशेने तासभर चालून येतो आणि वाटेत आमच्या साहेबांना रामराम करतो. साहेब मला काही विचारत नाहीत, कारण त्यांच्याही घराण्यात अशी पडझड बरीच झालेली आहे.

आता अर्ज कागदावर नसतो, संगणकावर असतो. पण रकाना तोच, आणि आज्याही त्याच.

या रकान्याविषयी मी कधी विचार केला नव्हता. तो करायला लावला माझ्या भाच्याने. भाचा फिनलंडमध्ये तुर्कू नावाच्या गावी नोकरीला आहे. एका रविवारी त्याचा फोन आला.

"मामा, आठ दिवस शिडाच्या बोटीतून हिंडून आलो. ओलांड बेटांवर."

"नातेवाईक आहेत का रे तिथं कुणी?"

"नाही हो. डिस्क गोल्फ खेळायला."

आता तुम्ही आमची परिस्थिती ध्यानात घ्या. आमचे गाव जळगाव जामोद. नुसते जळगाव म्हटले की पत्रे, पार्सले आणि एखाद्या वेळी जावईसुद्धा खानदेशात जाऊन पोहोचतो, म्हणून मागे जामोद लावायचे. डोक्याशी सातपुडा, पायथ्याशी पूर्णेचे खोरे. समुद्र इथून इतका लांब, की लग्न जमवताना 'स्थळ कोकणातलं आहे' म्हटले तर लोक परदेश समजतात. विहिरींना मात्र पाणी खारे. खारपाणपट्टाच आहे आमचा. देवाने समुद्रातले मीठ तेवढे आमच्याकडे पाठवले, समुद्र पाठवायचा विसरला.

अशा गावी बसून मी डिस्क गोल्फ समजावून घेतला. खेळ असा: जेवणाच्या ताटलीएवढी प्लॅस्टिकची तबकडी घ्यायची. दूर एक खांब, खांबाला पिंजऱ्यासारखी टोपली, वर साखळ्या लोंबताहेत. तबकडी फेकत फेकत जायची आणि कमीत कमी फेकांत टोपलीत घालायची. जिथे पडेल तिथून पुढची फेक. असे नऊ किंवा अठरा खांब, मधे झाडे, खडक, उतार. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये एड हेड्रिक या माणसाने पहिले कायमचे मैदान मांडले. आधी नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नाही यावरून भांडणे होत, म्हणून त्याने साखळ्या लावल्या. साखळी वाजली की वाद मिटला. (ही सोय आमच्या सोसायटीच्या सभेतही करता आली तर पाहावे.) हा माणूस २००२ साली वारला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची थोडी राख तबकड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली. आपल्याकडे अस्थी पाण्यात सोडतात, त्याच्या हवेत सोडल्या.

आणि ओलांड म्हणजे फिनलंड आणि स्वीडन यांच्या मधला बेटांचा समूह. साडेसहा हजारांवर बेटे, त्यांतल्या साठेकांवरच माणसे राहतात. १८५६ च्या तहापासून तिथे लष्करी तटबंदी करायला मनाई आहे. तोफा डागायच्या नाहीत म्हटल्यावर माणसे तबकड्या फेकणार, हे ओघानेच आले. या बेटावरून शीड उभारायचे, वाऱ्याची मनधरणी करत त्या बेटावर जायचे, बोट बांधायची, झाडीतून खांब शोधायचे, तबकड्या फेकायच्या, परत शीड. उन्हाळ्यात तिथे रात्र जवळजवळ होतच नाही, त्यामुळे घरी जा म्हणून कुणी सांगतही नाही.

"आणि रजा?" मी मुद्द्यावर आलो. "कारण काय लिहिलंस?"

"हेच लिहिलं. बोटीने बेटांवर जाऊन डिस्क गोल्फ खेळायचा आहे."

"आणि दिली?"

"हो. साहेब म्हणाला, वारा चांगला लागो."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोललो नाही. सौ.ला वाटले, कुणी गेले की काय. एका अर्थी माझ्या तिन्ही आज्या त्या क्षणी पुन्हा एकदा गेल्या होत्या.

रात्री जेवताना मी हा खेळ घरात समजावून सांगितला. सौ. म्हणाली, "एवढं फेकायचं कशाला? चालत जाऊन हाताने टोपलीत ठेवली तर?"

वाचकहो, हा प्रश्न साधा नाही. कॅनडात तत्त्वज्ञान शिकवणारे बर्नार्ड सूट्स नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९७८ साली याच प्रश्नावर 'द ग्रासहॉपर' हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की खेळ म्हणजे नको असलेले अडथळे आपण होऊन अंगावर घेणे आणि ते ओलांडत बसणे. चेंडू हातानेही भोकात टाकता येतो. तो काठीनेच मारायचा असे ठरवले, की गोल्फ सुरू झाला. मुंगी आणि नाकतोड्याच्या गोष्टीत आपण लहानपणापासून मुंगीच्या बाजूचे. या पुस्तकात शहाणा ठरतो तो नाकतोडा. त्याचा सवाल असा, की सगळी कामे संपली, सगळी धान्याची कोठारे भरली, तर मग मुंगी करणार काय? तर खेळणारच ना? मग ज्यासाठी बाकी सारे करायचे, ते फुकट कसे? मी बँकेतला माणूस, म्हणजे धंद्यानेच मुंगी. आवर्ती ठेव हा मुंगीचाच शोध. हे वाचून मला गल्ल्यातली रक्कम जुळू नये तसे वाटले.

बाबांनी मात्र ताटावरून मान वर न करता निकाल दिला: "रिकामटेकडेपणा."

बाबा निवृत्त शिक्षक आहेत. मी चौथीत असताना परीक्षेच्या आदल्या दिवशी गोट्या खेळलो म्हणून त्यांनी मला दिलेला मार माझ्या पाठीला अजून तारखेसह पाठ आहे. त्यांच्याशी मी वाद घातला नाही. मनातल्या मनात घातला. म्हटले, शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते. एस.टी.ने जे एका दिवसात गाठता येते त्याला महिनाभर लागतो. त्या वारकऱ्यांना 'बसने का जात नाही' असे विचारणाऱ्याला वारीच कळलेली नाही. वारी म्हणजे खेळ नव्हे, हे मलाही समजते. पण पोहोचण्यापेक्षा जाणे मोठे असू शकते, हे आमच्या जिल्ह्याला कुणी परक्याने शिकवायला नको. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीला वळसा घालून मुंबईला परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. निघाले तिथेच परत यायचे होते, तर मुळात घरी बसता आले असते. त्यांना 'रजेचे कारण' लिहावे लागले नाही, कारण ती त्यांची ड्यूटी होती. हेवा वाटतो तो याचा. फार काय, हे जग परमेश्वराने कशासाठी निर्माण केले, याला ब्रह्मसूत्रांनीही 'लीला' यापलीकडे कारण दिलेले नाही. म्हणजे खुद्द त्याचा रकाना कोराच आहे.

तरी एक गोष्ट टोचत होती. माझ्या खिडकीसमोर पीककर्जासाठी जी माणसे उभी असतात, त्यांना कसली आली रजा? त्यांची रजा पावसाच्या हाती. त्यांच्यासमोर बसून मी बेटांची स्वप्ने पाहावीत, हे बरे नव्हे. दिवाळीत भाच्याने एका मित्राबरोबर तीन तबकड्या पाठवल्या. मी त्या पिशवीत घालून बँकेत नेल्या, तर नेमक्या अशाच एका खातेदाराच्या नजरेला पडल्या. मी चोरासारखा सगळा खुलासा केला. त्याने तबकडी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाला, "हे फेकाले इतक्या दूर काहून जाता साहेब? आपलं वावर खाली हाय. सोयाबीन निंघालं."

रविवारी आम्ही त्याच्या वावरात गेलो. बाभळीला टोपले टांगले. तो फेकू लागला, त्याची पोरे फेकू लागली, त्यांचा गडी फेकू लागला. त्याच्या विहिरीचे पाणी त्यामुळे गोड झाले नाही आणि कर्जही कमी झाले नाही. पण मी न खेळण्यानेही ते झाले नसते. 'याने त्याचे काय भले होणार' हे विचारणे योग्यच. फक्त ते मला बाकीचे सहा दिवस खिडकीत बसल्यावर आठवले पाहिजे, रविवारी वावरात नव्हे.

बाबा बांधावर बसून होते. तबकडी घरंगळत त्यांच्या पायाशी गेली. त्यांनी ती उचलली, मनगट दोनदा हलवून पाहिले आणि फेकली. ती बाभळीला वळसा घालून टोपल्यात पडली. कुणी काही बोलण्याआधीच बाबा म्हणाले, "दुसरी आण."

परतीच्या वाटेवर त्यांनी जे सांगितले ते मी कधी ऐकले नव्हते. १९७६ साली बाबा कबड्डीत तालुक्यात नावाजलेले होते. बाहेरगावी सामने होते. मास्तराने खेळायला रजा मागणे शोभेना, म्हणून त्यांनी अर्जात लिहिले, 'आत्याचे निधन'. चार दिवस खेळून, ढाल घेऊन आले. तोवर हेडमास्तर सांत्वनाला घरी येऊन गेले होते आणि त्यांना चहा दिला होता तो खुद्द आत्यानेच.

"मग?"

"मग काय! हेडमास्तर बोलले नाहीत काही. आत्याच बोलली. म्हणाली, मले मारून खेळाले गेला काय रे?" थोडे चालून ते म्हणाले, "पुन्हा मैदानात पाय ठेवला नाही."

मला ती गोट्यांची छडी आठवली. इतकी वर्षे मी समजत होतो, बाबांना खेळाचा राग आहे. खेळाने त्यांचे काहीच बिघडवले नव्हते. खेळायला जायचे खरे कारण सांगायची लाज वाटली, आणि त्या लाजेने पन्नास वर्षे खाल्ली.

सोमवारी मी जानेवारीतल्या पाच दिवसांच्या रजेचा अर्ज भरला. कारण: 'होडीने जंजिऱ्याला जाणे व खेळणे'. दहा मिनिटांत साहेबांनी बोलावले.

"हे काय लिहिलंत?"

"कारण."

"अहो, असं कुणी लिहितं का? वर विचारतात. वडील सोबत आहेत ना तुमच्या? मग 'वृद्ध वडिलांची सोबत' लिहा. तेही खरंच आहे."

खरेच होते. पण ते कारण नव्हते. खोट्या आजीपेक्षा हे खरे वडील जास्त घातक, हे माझ्या तेव्हा लक्षात आले. आजी पकडली जाते, हे कधीच पकडले जात नाही. मी म्हटले, "राहू द्या साहेब, मंजूर नाही झाली तर नाही." तीन दिवस अर्ज तसाच पडून होता. चौथ्या दिवशी मंजूर झाला. साहेबांनी पुढे काही विचारले नाही, फक्त जाता जाता म्हणाले, "त्या तबकड्या मिळतात कुठे?"

जानेवारीत भाचा आला. शेगावहून रेल्वे, मग एस.टी., असे आम्ही मुरूडला पोहोचलो. राजपुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याला अजून शिडाच्या होड्या जातात. शीड फुगले तशी माझ्या पोटात कालवाकालव झाली. बाबा मात्र नाळेपाशी सरळ बसले होते. किल्ल्यात आम्ही तबकडी पिशवीतून काढली नाही. ती संरक्षित वास्तू आहे. ज्या तटाने तोफा सोसल्या त्याने आमचे प्लॅस्टिक का सोसावे? परत येऊन मुरूडच्या वाळूत, सुरूच्या झाडांना घरून आणलेली तीन टोपली टांगली आणि नऊ खांबांचा हिशेब करून तीन फेऱ्या खेळलो.

शेवटच्या फेरीत बाबांची तबकडी वाऱ्याने उचलली आणि पाण्यात पडली. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिलेला माणूस धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरला, पायाच्या बोटांनी चाचपडत राहिला आणि तबकडी घेऊन वर आला. भाचा वहीत आकडे मांडत होता. बाबा सगळ्यांच्या पुढे होते.

"आजोबा, पाण्यात पडली की एक फेक जास्त धरतात. पण जाऊ द्या, कुणी पाहिलं नाही. नको लिहायला?"

बाबांनी धोतर पिळले.

"लिही," ते म्हणाले. "जे झालं ते लिही."