एवढंच लिही

हिंगोलीहून वाशिमला निघालं की पैनगंगेच्या अलीकडे कनेरगाव नाका लागतो. इथल्या शिवारात बांधावरून दोन शेजाऱ्यांचं जुंपलं, कुऱ्हाड उचलली गेली, एक जण जागीच गेला. दुसऱ्याला जन्मठेप झाली. त्याला हर्सूलच्या जेलात नेलं तेव्हा त्याची मुलगी नुकती बालवाडीत जाऊ लागली होती.

"चौदा वर्षं काढली की माणूस सुटतो," असं पारावर कोणीही सांगतं. मुलीनंही तेच धरून ठेवलं. चौदा सरली, सोळा सरली, अठरा सरली, बाप आतच. कायद्यात तसं मुळी नाहीच. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1961 साली गोपाळ गोडसे यांच्या अर्जावर सांगून टाकलंय. सूट देणं सरकारच्या हाती. आणि खुनाच्या जन्मठेपेत प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकारलाही सोडता येत नाही, ही 1978 ची भर. लोकांनी तिचा नेमका उलटा अर्थ लावला.

नाक्यावरच्या हॉटेलात मुलीला एक गृहस्थ भेटला. मंत्रालयात आपली ओळख आहे म्हणाला. तिनं त्या साली हळदीची आलेली सगळी पट्टी त्याच्या हातात ठेवली. पुढं त्याचा फोन लागेना.

शेवटी गावातल्या एका रिटायर मास्तरांनी तिला सरळ वाट दाखवली. "आधी सुटकेची फाइल कुठं अडली ते बघ."

जेलचा शेरा चांगला होता. बाप पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीकामाला गेला होता. संचित रजेवर आला की नदीपलीकडं मेव्हण्याकडं राहायचा आणि तारखेला परत हजर व्हायचा. अडलं होतं ते गावाकडच्या ठाण्याच्या अहवालात. दरवेळी तीच ओळ: कैदी सुटल्यास गावात तंटा होण्याची शक्यता नाकारता येत नाही. मागच्या कागदावरची पुढच्या कागदावर उतरत गेलेली. तंटा करायचाच तर तो मेलेल्याच्या घरच्यांनी करायचा. त्यांना मात्र कोणी विचारलं नव्हतं.

दोन्ही घरांचं बोलणं खुनाच्या दिवसापासून बंद. मुलगी मेलेल्याच्या घरी गेली तेव्हा त्याची बायको अंगणात वाळलेली हळद निवडत बसली होती; हळकुंड हातात घ्यायचं, मोडून आतला रंग बघायचा, हलकं निघालं की बाजूला टाकायचं. मुलीनं वाटेत जुळवून आणलेलं सगळं, भांडण कोणी काढलं, बांध कोणी कोरला, ते तिथं तोंडातून निघालंच नाही.

"काकू, माझ्या बापानं तुमचं वाटोळं केलं. मी त्याच्यासाठी आलेय."

बाई निवडत राहिली. मग म्हणाली, "माफ केलं म्हणून लिहून मागतीस का?"

"नाही काकू. खरं असंल ते सांगा."

"मग ऐक. माफ नाही केलं. मपला माणूस गेला, तो काही माघारी येत नाही. पण माझ्या पोरांच्या हातात मी कुऱ्हाड देणार नाही. तो आला म्हणून इथं कोणाचं डोकं फुटायचं नाही. एवढंच लिही. वर एक अक्षर घालू नको."

मास्तरांनी तेवढंच लिहिलं, खाली तिचा अंगठा घेतला. त्या दोन ओळींमुळं ठाण्यातून फेरअहवाल गेला, जिल्हाधिकाऱ्यांचा आणि शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचा अभिप्राय त्याला जोडला गेला, आणि प्रस्ताव गृह विभागात पोचला. काही महिन्यांनी बाप सुटला. बाई त्याच्याशी आजही बोलत नाही. बोलावं असं मुलीनं तिला कधी सुचवलंही नाही.

ज्यांच्या घरचं माणूस असं आत आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांना बजावलंय की, मुदतपूर्व सुटकेचं धोरण असेल तर पात्र कैद्याचा विचार त्याच्या अर्जाची वाट न पाहता करा. तरीही फाइल कुठं आहे ते विचारत राहा, आणि हॉटेलातल्या गृहस्थाला पैसे देऊ नका. कैद्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. त्याला उत्पन्नाची अट नाही.