निरोग्याला गोळी देताना

‘रोज एक गोळी घ्यायला काय हरकत आहे? फायदा झाला नाही तरी नुकसान तर नाही!’ अलीकडे एका व्याख्यानात एका डॉक्टरांनी चाळिशीपुढच्या सगळ्या श्रोत्यांना रोज मल्टिव्हिटॅमिन आणि अ‍ॅस्पिरिन घ्यायला सांगितले, ते याच आधारावर. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. त्यांना जाहीर उत्तर द्यायला हवे, कारण त्यांचे दुसरे वाक्य खोटे आहे.

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. कर्करोग टळेल या आशेने त्यांतल्या काहींना रोज बीटा कॅरोटीन, म्हणजे ‘अ’ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप, दिले. १९९४ साली निष्कर्ष आला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अ‍ॅस्पिरिन १९,११४ निरोगी ज्येष्ठांमध्ये तपासले गेले. २०१८ साली कळले की धडधाकट आयुष्य त्याने वाढले नाही, गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. (ज्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आपल्या मनाने अ‍ॅस्पिरिन थांबवू नये.)

या विषयावर मला सर्वांत मोलाचे वाटतात ते डॉ. डेव्हिड सॅकेट, पुराव्यावर आधारलेल्या वैद्यकाच्या जनकांपैकी एक. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेतली की हृदयविकार टळतो, या भरवशावर लाखो निरोगी बायका वर्षानुवर्षे ती घेत होत्या. अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवर चाललेली या संप्रेरकांची चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कर्करोग, तिन्ही वाढलेले दिसले. लगेच पुढच्याच महिन्यात सॅकेट यांनी प्रतिबंधक वैद्यकाच्या उद्दामपणावर एक छोटा, संतप्त लेख लिहिला.

त्यांचा मुद्दा नैतिक आहे. दुखणे घेऊन माणूस येतो तेव्हा डॉक्टर आपल्या ज्ञानाप्रमाणे जमेल ते करतो. खात्री देत नाही, आणि रोग्यालाही ते ठाऊक असते. निरोगी माणसाकडे मात्र डॉक्टर आपण होऊन जातो आणि न विचारता सांगतो, हे घे, तुझे भले होईल. अशा वचनाला जामीन एकच, मोठ्या आणि काटेकोर चाचणीतला पुरावा. सॅकेट यांचा खरा राग औषध कंपन्यांपेक्षा तज्ज्ञांवर होता, आणि तो रास्त होता. कंपन्यांना शिव्या द्यायला आपल्याकडे सगळेच तयार असतात. व्यासपीठावरच्या डॉक्टरांना पुरावा विचारायला कोणी उठत नाही.

पण हाच दंडक दुसऱ्या बाजूलाही लागतो. ‘चौरस जेवा, गोळ्या कशाला’ म्हणणाऱ्यांनाही पुराव्यापुढे मान तुकवावी लागेल. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची सात देशांतली एक चाचणी १९९१ साली अशीच मुदतीआधी थांबली, पण फायदा लख्ख दिसला म्हणून. ज्यांच्या आधीच्या बाळाला मज्जारज्जूचे व्यंग होते, अशा स्त्रियांनी गर्भधारणेआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले, तर पुढच्या बाळातला धोका ७२ टक्क्यांनी घटला. सॅकेट यांची अट इथे पुरी होते, आणि मग गोळी न देणे हा अपराध ठरतो. माझा राग इथे दिशा बदलतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या, रक्तवाढीच्या गोळ्या त्यांची गरज आहे. त्या ‘उष्ण पडतात’ म्हणून कित्येक घरांत तशाच पडून राहतात. शिकल्यासवरल्यांनी त्या संशयात भर घालू नये.

फॉलिक अ‍ॅसिडचा प्रश्न वेळेचा आहे. गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेपासून २८व्या दिवसापर्यंत मिटते. तोवर पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. नाव नोंदवून, तपासणी होऊन गोळी हातात पडेपर्यंत ते दिवस निघून जातात. मूल हवे असे ठरले की त्याच महिन्यापासून बाईला ही गोळी मिळाली पाहिजे. नवरा आणि सासू यांच्यासमोर बसून ते समजावण्याचे काम आशाताई करू शकतात, पण त्यासाठी त्यांना वेळ आणि रीतसर मोबदला दिला पाहिजे.