वेणूचा बोध

श्रीकृष्णाच्या अधरी शोभणारी वेणू आपण नित्य पाहतो. परंतु तिच्यातून नाद कसा उमटतो, याचा विचार क्वचितच करतो.

वेणूचे मुख्य प्रकार दोन. आडवी धरावयाची ती बासरी व उभे धरावयाचे ते अलगूज. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील जत्रांत मुले हौसेने वाजवितात ते बहुधा अलगूजच. त्याच्या तोंडाशी बसविलेली खुंटी फुंकरीला वाट दाखविते. बासरीत ते कार्य ओठांनी साधावे लागते. सनईसारखी पत्ती दोहोंतही नसते. फुंकर छिद्राच्या कडेवर आदळून आत-बाहेर हेलकावते, नळीतील हवा कंप पावते आणि नाद निर्माण होतो. बोटे उचलली की कंपणारा हवेचा स्तंभ आखूड होऊन स्वर चढतो. नळी लांब, तर स्वर गंभीर. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी अशाच लांब बासरीला रागसंगीतात मानाचे स्थान मिळवून दिले.

म्हणजे गाते ती आतली मोकळी जागा. ती कोंदली की सूर बिघडतो. अधिक जोराने फुंकले तर तो गोड होत नाही, वरच्या सप्तकात उडतो.

आपलेही तसेच आहे. धुऱ्याच्या तंट्यावरून सख्ख्या भावाशी अबोला धरून आपण देवापुढे मोठ्याने आरती म्हणतो. अंतःकरण कोंदलेले असता स्वर कोठून उमटावा? म्हणून दर्शन घेऊन परतताना आधी भावाच्या दारी जावे. वेणू तेथेच वाजेल.