ज्याची त्याची घटका

घरातील लहानथोर सर्वांनी एकाच वस्तूकडे पाहावे, आणि त्या वस्तूने मात्र प्रत्येकाकडे आळीपाळीने पाहावे, अशी व्यवस्था मनुष्याने फार थोड्या वेळा केली आहे. आमच्या बीड जिल्ह्यात कीर्तन ही तशी एक व्यवस्था होय. पूर्वरंगातील निरूपणाची गोडी वृद्धांना, उत्तररंगातील आख्यानाची मुलाबाळांना. पण अर्ध्यातून उठून सहसा कोणी जात नसे. ज्याला केवळ आख्यान हवे, त्याला निरूपण संपेपर्यंत खांबाला टेकून बसावे लागे, आणि डुलकी घेता घेता चार शब्द कानांवर पडत ते पडतच. दूरदर्शनाचा जो एके काळचा दिवस, त्याची घडण पुष्कळशी अशीच होती. त्या दिवसाविषयी आमच्या पिढीची माणसे हळवे होऊन बोलतात. हळवेपणा क्षणभर बाजूस ठेवून आम्हांस एकच प्रश्न विचारावयाचा आहे: जे आपल्यासाठी नाही, ते पाहत बसण्याची वेळ मनुष्यावर आणणे न्याय्य आहे काय?

मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. मुलांना 'किलबिल', शेतकऱ्यांना 'आमची माती आमची माणसं', साहित्यप्रेमी मंडळींना 'प्रतिभा आणि प्रतिमा', हसू इच्छिणाऱ्यांना 'गजरा', आणि समाजाचे काही भले करू पाहणाऱ्यांना 'ज्ञानदीप', अशी वाटणी तेथे झालेली होती. मराठवाड्यास हे ताट उशिरा मिळाले. आरंभी लहान प्रक्षेपकांवरून दिल्लीचा कार्यक्रम येई. मुंबईचे मराठी बोल उपग्रहामार्फत मागाहून आले. म्हणजे आपल्या मातीतील माणसे पाहण्यापूर्वी आम्ही दिल्लीची माणसे पाहिली. हा क्रम उलटा होता, पण त्या वेळी तो कोणास खटकला नाही. चित्र दिसते आहे, एवढाच आनंद पुरेसा होता. आणि चित्र दिसत नसेल तेव्हा गच्चीवर चढून ॲंटेना फिरविणाऱ्या मुलास जो मान असे, तो पुढे आम्हांस प्राध्यापक होऊनही मिळाला नाही.

त्या दिवसांतील एक घटका आमच्या मनातून जात नाही. रविवारी सकाळी 'रामायण' (ते 25 जानेवारी 1987 रोजी सुरू झाले) पाहावयास वाड्यात जी गर्दी होई, तिच्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. आम्हांस आठवते ती रविवारची दुपार. दुपारी निरनिराळ्या भारतीय भाषांतील एखादा चित्रपट दाखवीत, आणि त्याच्या आधी, 1987 पासून, मूकबधिरांसाठी बातम्या असत. एक बाई शांत चेहऱ्याने हातांच्या खुणा करीत असे. चित्रपटासाठी जमलेली मंडळी त्या वेळी गप्पा मारीत, पाणी पीत, पान लावीत; काही मुले त्या खुणांची नक्कल करून एकमेकांस हसवीत, आणि त्यांत आम्हीही होतो. आमच्या आळीत एक मूकबधिर तरुण शिंपी होता. एरवी तो दाराशी बसे. त्या थोड्या मिनिटांपुरता मात्र तो उठून पुढे येई आणि अगदी पडद्यासमोर मांडी घालून बसे. त्यास कोणी मागे सार म्हणून म्हटल्याचे आम्हांस स्मरत नाही. बातम्या संपल्या की तो आपल्या जागी परत जाई व आम्ही पुढे सरकत असू.

त्याला त्या खुणा कितपत कळत होत्या, हे आम्ही कधी विचारले नाही. तो शाळेत गेलेला नव्हता. आळीत त्याने स्वतः बनविलेल्या खुणा वेगळ्याच होत्या. कदाचित त्यास काहीच कळत नसेल. तथापि ती वेळ आपली आहे, एवढे त्यास कळले होते, आणि ती त्याची आहे एवढे आम्हांसही कळले होते. शेजाऱ्याविषयी ह्यापलीकडे काही जाणून घेणे आमच्याकडून झाले नाही, हा दोष आमचा. त्या पेटीचा नव्हे.

आता आक्षेपाकडे वळू. जॉन स्टुअर्ट मिल याने 1859 च्या आपल्या स्वातंत्र्यविषयक ग्रंथात असे प्रतिपादिले की, कोणा सज्ञान मनुष्यावर केवळ त्याच्या स्वतःच्या हितासाठी सक्ती करण्याचा अधिकार समाजास नाही. ह्याच्या उलट बाजूस बी. बी. सी. चे पहिले महासंचालक जॉन रीथ. लोकांना जे हवे तेवढेच देत राहणे म्हणजे लोकांस कमी लेखणे होय, अशी त्यांची धारणा होती. आमच्याकडील आखणी रीथसाहेबांच्या वळणाची. ह्या वळणात धोका आहे हे कबूल केले पाहिजे. जो लोकांचे हित ठरवितो, त्यास लोकांनी काय जाणू नये हेही ठरविण्याचा मोह होतो. 1975 ते 1977 ह्या आणीबाणीच्या काळात सरकारी बातम्यांचे जे झाले, त्याची आठवण पुरे आहे. प्रसार भारतीचा कायदा 1990 साली झाला व अमलात यावयास 1997 साल उजाडले, ह्यावरून तो मोह किती चिवट असतो हे दिसते.

पण मिलचा बाण येथे नेमका लागत नाही, असे आम्हांस वाटते. मूकबधिरांच्या बातम्या आमच्या हितासाठी नव्हत्या. त्या पाहून आम्ही सुधारावे, असा कोणाचा हेतू नव्हता. त्या दुसऱ्या कोणासाठी होत्या, आणि पेटी एक असल्यामुळे आम्हांस थांबावे लागत होते. बळजबरीने शहाणे करणे ही एक गोष्ट. दुसऱ्याची वेळ चालू असता थांबावयास लावणे ही निराळी. पाणवठ्यावर पुढच्याची घागर भरेतो उभे राहणाऱ्यास आपले स्वातंत्र्य हरपले असे वाटत नाही.

येथवर आमचा युक्तिवाद आम्हांसच गोड वाटत होता. परंतु जिल्हा बीड आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील गावांतून लाखो माणसे ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' असे म्हणतात. पाचटाच्या कोपीत पाच-सहा महिने काढावयाचे. दूरदर्शनाच्या दिवसात ही माणसे कोठे बसत होती? मुलांचा कार्यक्रम संध्याकाळी, म्हणजे मूल संध्याकाळी घरी आहे हे गृहीत. स्त्रियांचा दुपारी, म्हणजे स्त्री दुपारी सावलीत आहे हे गृहीत. ह्यांचे मूल फडाच्या बांधावर, स्त्री मोळ्या बांधण्यात, आणि कोपीत वीज नाही. प्रत्येकास त्याची घटका देणाऱ्या त्या आखणीत एक अट दडलेली होती: मनुष्याला स्थिर घर हवे. पाणवठ्याचा आमचा दाखला घागर भरलेल्यांचा होता. ज्याचा क्रमांक लागतच नाही त्याला रांगेचे गुण सांगणे शोभत नाही.

2020 साली ह्या सर्व प्रश्नांची एकदम उजळणी झाली. टाळेबंदीत ऊसतोड कामगार परमुलखात अडकले. एप्रिलच्या मध्यास त्यांना गावी परतण्याची परवानगी मिळाली. शाळा बंद होत्या. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागू लागली, आणि प्रत्येक इयत्तेस स्वतंत्र वेळ नेमून दिलेली होती. जुना दिवसच परत आला म्हणा ना. ज्या घरी मोबाइल एक आणि मुले तीन, तेथे दूरचित्रवाणीने भांडण मिटविले. थोरल्याचे होईतो धाकट्याने थांबावयाचे. शिवाय ते महिने पावसाळ्याचे, म्हणजे कोयते गावीच होते. त्यांच्या मुलांची घटका बहुधा प्रथमच त्यांच्या मुक्कामाशी जुळली. पुढे हंगाम लागला आणि गाड्या निघाल्या.

आज त्या कोपीत मोबाइल आहे. हा पहिला पडदा असा की जो कोयत्याबरोबर प्रवास करतो. तू संध्याकाळी घरी आहेस काय, असे तो विचारीत नाही. म्हणजे ज्या यंत्राने आमचा सामाईक दिवस मोडला म्हणून आम्ही हळहळतो, त्यानेच ह्या मुलास प्रथम प्रेक्षक केले, आणि इतकेच नव्हे तर ऊस तोडताना, मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरताना स्वतःचे चित्र जगापुढे मांडण्याची सोयही दिली. हे लहान काम नव्हे, आणि त्याची निंदा करणाऱ्यांत आम्ही नाही. फरक एवढाच की त्याची घटका आली तेव्हा तिच्यासाठी थांबलेला कोणी उरला नव्हता. पान लावीत, कुरकुरत, पण खोलीत बसून राहिलेली ती मंडळी आता नाहीत. त्याचे चित्र बोटाच्या एका हालचालीने वर सरकते आणि त्याच्या जागी दुसरे येते. ज्याला ते नको आहे त्याच्यापुढे बहुधा येतही नाही.

मनोऱ्यांवरून होणारे जुने प्रक्षेपण आता देशात जवळजवळ बंद झाले आहे. सह्याद्री वाहिनी मात्र आहे. हंगामाच्या महिन्यांत तिने रोज रात्री अर्धा तास फडावरच्या माणसांसाठी राखावा, त्यांच्या बोलीत, त्यांच्याच प्रश्नांवर, असे आम्ही सुचवू. मग तो अर्धा तास पाहावयास कोण थांबेल? रात्री आठ वाजता आमच्या स्वतःच्या घरी चार खोल्यांत चार पडदे चालू असतात, आणि त्यांतला एक आमच्या हातात असतो.