मोकळा आणि मोकाट

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, आपल्या प्रत्येकाच्या देवघरात दत्तमहाराजांची तसबीर असते. मागे गाय, पायाशी चार कुत्री. गाय म्हणजे पृथ्वी आणि चार कुत्री म्हणजे चार वेद, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्थ बरोबरच आहे. पण त्या कुत्र्यांच्या गळ्यात साखळी नाही, हे किती जणांच्या लक्षात आलं असेल? चौघंही मोकळी आहेत, तरी एकही पळून जात नाही, कोणावर भुंकत नाही.

आणखी एक गंमत आहे. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यात कबुतर आहे, अजगर आहे, मासा, हरीण, हत्ती, कोळी, साप, मधमाशीसुद्धा आहे. कुत्रा मात्र नाही. ज्यांच्यापासून शिकले ते चोवीस, आणि ज्यांना पायाशी जागा दिली ती ही चार. म्हणजे कुत्र्याचा विषय शिकण्याचा नाही, सांभाळण्याचा आहे, असं मला वाटतं. आज लिहायचं आहे ते या सांभाळण्याबद्दल.

लेक आणि जावई अमेरिकेत सिएटलजवळ राहतात. गेल्या खेपेस आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. तिथून उत्तरेला एडमंड्स नावाचं गाव आहे, समुद्राच्या खाडीवर. गावाच्या कडेला मरीना बीच पार्क म्हणून छोटीशी बाग आहे, आणि तिच्या एका टोकाला कुंपण घालून कुत्र्यांसाठी किनाऱ्याचा एक तुकडा राखलेला आहे. शेजारून रेल्वेचे रूळ जातात, समोर किंग्स्टनला जाणारी मोठी फेरीबोट दिसते, आकाश स्वच्छ असलं की पलीकडे ऑलिंपिकचे बर्फाचे डोंगर. लाटांनी वाहून आणलेले लाकडाचे ओंडके वाळूत पडलेले असतात, त्यावर माणसं बसतात. पाणी एवढं गार की मी पाऊल घातलं ते लगेच काढलं. कुत्री मात्र खुशाल उड्या मारत होती.

कुंपणाच्या दाराशी नियमांचा फलक. लस टोचलेली हवी. कुत्र्याने घाण केली तर मालकाने पिशवीत उचलायची. साखळी हातात हवी. हाकेसरशी न येणारं, अंगावर जाणारं कुत्रं आणायचं नाही. बागेच्या देखभालीला गावातल्या कुत्रेवाल्यांचीच स्वयंसेवी संस्था महापालिकेला हात देते. दाराच्या आत आलं की साखळी काढायची. एकदा का ती निघाली, की कुत्र्याचा आनंद बघावा!

आमच्या सौ. ओंडक्यावर बसल्या होत्या. तेवढ्यात एक दांडगं काळं कुत्रं ओलंचिंब होऊन थेट त्यांच्याकडे धावत आलं. त्या घाबरून उठल्या. इतक्यात मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एकच हाक मारली आणि ते कुत्रं जागच्या जागी थांबलं. गृहस्थ आले, दोनदा क्षमा मागितली, साखळी लावली आणि कुत्र्याला घेऊन बागेतून निघूनच गेले. कोणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. लेक म्हणाली, "बाबा, इथे असंच असतं. कुत्रं चुकलं की माणूस चुकला."

मी छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली. कर्जाच्या कागदावर जामीनदाराची सही घेताना लोकांचे चेहरे पाहिले आहेत. मित्राची स्तुती करायला सगळे तयार असतात. सही करताना पेन थबकतं. त्या बागेत मला कळलं की तिथल्या प्रत्येक सुट्या कुत्र्यामागे एक जामीनदार उभा आहे. म्हणून ते मोकळं आहे. जामीनदार नसता तर ते मोकाट झालं असतं. आपल्या मराठीत हे दोन शब्द किती जवळचे आणि किती लांबचे! गळ्यात साखळी दोघांच्याही नाही. एकाचं बरंवाईट कोणीतरी आपल्या अंगावर घेतलेलं असतं, दुसऱ्याचं कोणीच नाही.

आता आपल्याकडे या. बहुतेक दत्तस्थानं पाण्याकाठची. वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, गाणगापूरला भीमा-अमरजेचा, औदुंबरला कृष्णाकाठ. जिथे घाट तिथे भाविक, जिथे भाविक तिथे प्रसाद, आणि जिथे प्रसाद तिथे कुत्री. आपण बिस्किटाचा पुडा फोडतो, "दत्ताची कुत्री" म्हणून टाकतो, हात जोडतो आणि एसटी पकडतो. यात भाव खोटा नाही. पण पुढे काय?

आमच्या गल्लीतले एक आजोबा, वय पंचाहत्तर, काकड आरतीला निघाले असताना त्यांच्या पोटरीला कुत्र्याने कडकडून चावा घेतला. इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स झाला, पुढे कित्येक दिवस त्यांनी पहाटेचं देऊळ सोडलं. त्या कुत्र्याला रोज पोळी घालणारी चार घरं सगळ्यांना ठाऊक होती. विचारलं तेव्हा चारही घरांतून एकच उत्तर आलं, "कुत्रं काही आमचं नाही हो." पोळी घालताना ते दत्ताचं होतं. चावल्यावर ते कोणाचंच नव्हतं. जमेच्या बाजूला सगळ्यांची नावं, नावेच्या बाजूला पान कोरं. असला ताळेबंद जुळत नाही, हे सांगायला बँकेत नोकरी करावी लागत नाही.

रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही. म्हणून चावा बसला की जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि तडक दवाखाना गाठावा. हळद, चुना लावत बसू नये.

कोणी म्हणेल, मग परदेशासारखं करा, सगळी उचलून न्या. तिथलीही दुसरी बाजू सांगतो. तिथे बेवारस कुत्रं रस्त्यावर राहत नाही, त्याला निवाऱ्यात नेतात. पण ज्यांना घर मिळत नाही अशा कितीतरी कुत्र्यांना शेवटी इंजेक्शन देऊन मारतात. त्या सुंदर बागेतला आनंद जामीनदार मिळालेल्यांचा आहे. न मिळालेल्यांना तिथे जागा नाही. आपल्याकडे कोणाचंच नसलेलं कुत्रंही जगतं, पण उपाशी, खरजेने भरलेलं, लाथा खात. दोन्हीकडे काहीतरी उणं आहेच.

आपल्या न्यायालयालाही हा पेच सोपा गेला नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ११ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं. २२ तारखेला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो आदेश बदलला: नसबंदी करा, लस टोचा, त्याच भागात परत सोडा, पिसाळलेली आणि हल्ले करणारी सोडू नका, आणि खायला घालायच्या जागा ठरवून द्या. अकरा दिवसांत दोन आदेश. कायदा जागा ठरवून देईल, पण तिथे रोज उभं कोण राहणार, हा प्रश्न आपल्याकडेच येतो.

धर्मराजाची गोष्ट इथे आठवते. महाप्रस्थानाच्या वाटेवर एक कुत्रं पांडवांच्या मागे लागलं. ते त्यांनी पाळलेलं नव्हतं. तरी स्वर्गाच्या दारी इंद्राने "याला सोड" म्हटल्यावर युधिष्ठिराने नकार दिला. जो भक्तीने मागे आला त्याला टाकणं हे पाप, एवढंच त्याचं म्हणणं. नामदेवांचंही तसंच सांगतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. दोघांनीही तुकडा टाकून पाठ फिरवली नाही. एक थांबला, एक मागे धावला.

आपल्या जुन्या घरांत पंचबळीमध्ये श्वानाचा वाटा काढत. तो गृहस्थाच्या कर्तव्याचा भाग होता, लहर नव्हे. तेच आज कसं पाळायचं? माझ्या अल्प बुद्धीला सुचतं ते असं. खायला घालायचंच तर येण्याजाण्याच्या वाटेवर, मुलांच्या शाळेजवळ घालू नये. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी घालावं. उरलेलं झाडून काढावं. ज्याला रोज घालतो त्याची नसबंदी, लस झाली का ते पाहावं. कानाला छोटी खाच असली की नसबंदी झालेली समजावी. नसेल तर नगरपालिकेच्या मागे लागावं. उत्सवाच्या वर्गणीतून थोडा भाग या कामाला काढता आला तर तोही अन्नदानाइतकाच पावन. आणि चावरं निघालं तर "आमचं नाही" न म्हणता पुढे होऊन कळवावं.

आपण निवृत्त मंडळी "आता मोकळे झालो" असं म्हणतो. मुलं मार्गी लागली, साहेबाची हाक बंद झाली. पण मोकळं होणं आणि मोकाट होणं यातलं अंतर आपल्यालाही लागू आहे. ज्याला महाराजांची हाक ऐकू येते आणि ज्याने कोणाचा तरी भार घेतला आहे, तो मोकळा. तसबिरीतली ती चार कुत्री साखळीवाचून स्वस्थ का, तर आपण कोणाचे हे त्यांना ठाऊक आहे. आपल्यालाही ते ठाऊक असावं, आणि आपल्या दाराशी येणाऱ्याला आपण "माझा" म्हणावं, एवढंच दत्तचरणी मागणं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥